रांगोळीत मावेल तेवढीच गाडी

पत्र

नमस्कार. मी नेर तालुक्यातल्या एका गावात राहते. तीन वर्षांपासून नवरा आणि मी लाकडी घाणीचं तेल काढतो. शेंगदाणा, करडई, जवस, थोडं तीळ. उन्हाळ्याच्या आधी तुरीची डाळही करून विकतो. माल नेर, दारव्हा आणि यवतमाळच्या दुकानांत जातो. आठवड्याला तीन फेऱ्या, भाड्याच्या छोट्या हत्तीनं. फेरी साधारण शंभर किलोमीटरची, भाडं १,५०० रुपये. गाडीवाला सातला येतो म्हणतो आणि साडेनऊला उगवतो. दुकानदार म्हणतात, सकाळी माल लागला तर लागला, नाहीतर दुसऱ्याचा ठेवू. तुरीच्या सीझनमध्ये तर गाडीच मिळत नाही. आता अमरावतीची दोन दुकानं तयार झाली आहेत, म्हणजे आठवड्याला पाच फेऱ्या होतील. म्हणून स्वतःची गाडी घ्यायची आहे. दीर म्हणतात, "वहिनी, घ्यायचीच हाय तं मोठा पिकअप घ्या, सीझनले दुसऱ्याचा कापूसबी वाहता येते." नवऱ्याच्या मित्राकडे पाच सीटची जुनी मारुती ईको व्हॅन आहे. मागची सीट काढली की माल बसतो, दोन लाख चाळीस हजारांत देतो म्हणतो. शोरूमवाला तिसरंच सांगतो. नवऱ्याला ट्रॅक्टर येतो, मला स्कूटी. कोणती गाडी घ्यावी? सासूबाईंचं म्हणणं, घ्यायची तर दसऱ्यालाच.

– एक वाचक, नेर तालुका, जि. यवतमाळ

उत्तर

ताई, नमस्कार.

पत्रात तुम्ही सगळं लिहिलंत. भाडं लिहिलं, किलोमीटर लिहिले, दिरांचं बोलणं तर जसंच्या तसं लिहिलं. एकच गोष्ट राहिली. एका फेरीला किती किलो माल जातो, ते कुठंच नाही. गाडी घेणारा कुणीच ते लिहीत नाही. मीही मोजलं नव्हतं. आर्वीला अकरा वर्षं किराण्याच्या एजन्सीचा माल गावोगाव पोचवला, त्यातली पहिली चार वर्षं दिवाळीच्या आठवड्यात माल मावला नाही म्हणून घेतलेल्या मोठ्या गाडीचे हप्ते भरण्यात गेली. दिवाळीचा आठवडा संपला की तीच गाडी अर्धी रिकामी घेऊन मी तळेगाव, कारंजा करत फिरत असे. डिझेल मात्र पूर्ण गाडीचं जळायचं.

तुमच्या मालाचा अंदाज मीच बांधतो, चुकला तर दुरुस्त करा. तेलाचे पंधरा किलोचे वीस डबे, पत्र्यासकट सव्वातीनशे किलो. डाळीचे तीस किलोचे सहा कट्टे, एकशेऐंशी. वर लिटर-अर्ध्या लिटरच्या बाटल्यांची चार-पाच खोकी. म्हणजे भरभक्कम फेरी साडेपाचशेच्या आसपास, एरवीची चारशेची. ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, यात धरली नाही, कारण ती गावातच म्हशींना संपते असं मी गृहीत धरतो. शेंगदाण्याच्या घाणीत तेलापेक्षा ढेप जास्त निघते, त्यामुळे तिला गाडीत जागा द्यायची की नाही हा मोठा प्रश्न आहे. माझं मत, द्यायची नाही. तिची भुकटी खाण्याच्या मालावर बसते, आणि वासाला किडे येतात. कच्चे शेंगदाणे आणायला वर्षातून पाच-सहा वेळा पिकअप लागेल, तेव्हा भाड्यानं बोलवा. तेवढ्यासाठी पिकअप दारात उभा करायचा म्हणजे लग्नात एकदा लागते म्हणून घरात कायमची कढई-परात मांडून ठेवण्यासारखं.

आता तुमच्या भाड्याचा आणि स्वतःच्या गाडीचा हिशेब. पाच लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी दहा टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता बसतो साधारण १०,६००. विमा, फिटनेस, सर्व्हिसिंग आणि टायर यांसाठी महिन्याला चार हजार बाजूला टाका. टायर रोज झिजतो, बिल मात्र तीन वर्षांनी एकदम येतं, म्हणून महिन्याला टाकायचे. म्हणजे गाडी दारात नुसती उभी असली तरी १४,६०० रुपये खाणार. शंभर किलोमीटरची फेरी, भरलेल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज चौदा धरा, पेट्रोल १०५ धरा, तर एका फेरीला साडेसातशेचं पेट्रोल. भाड्याच्या गाडीला तुम्ही दीड हजार देता. म्हणून स्वतःच्या गाडीच्या दर फेरीत तुमचे साडेसातशे वाचतात. १४,६०० भरून निघायला अशा वीस फेऱ्या लागतात.

आज तुमच्या महिन्याला तेरा फेऱ्या होतात. तेरा फेऱ्यांना भाड्याची गाडी १९,५०० ला पडते आणि स्वतःची २४,३५० ला. म्हणजे आत्ता गाडी घेतली तर महिन्याला जवळपास पाच हजारांनी तुम्ही मागं जाल. अमरावती धरून फेऱ्या बावीसवर गेल्या, तर दोनेक हजार वाचतील. दोन हजारांसाठी इतका खटाटोप? हो, कारण खरा फायदा या हिशेबात दिसत नाही. सकाळी आठला दुकानाच्या फळीवर तुमचा डबा असणं, हे भाड्याच्या गाडीनं तुम्हाला तीन वर्षांत दिलेलं नाही.

म्हणून आधी एक करा. अमरावतीच्या दोन्ही दुकानांना दोन महिने भाड्याच्याच गाडीनं माल द्या. फेऱ्या खरोखर विसावर गेल्या, उधारी वेळेवर आली, तर गाडी घ्या. दुकानदार बोलताना पाच फेऱ्या म्हणतो आणि प्रत्यक्षात पंधरा दिवसांनी फोन उचलतो, असंही होतं.

या हिशेबात ड्रायव्हरचा पगार नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. भाड्याच्या गाडीबरोबर ड्रायव्हर फुकट येतो. स्वतःच्या गाडीला महिना बारा हजारांचा माणूस ठेवलात, तर वीसाच्या पस्तीस-छत्तीस फेऱ्या होतात आणि सगळं गणित मोडतं. तेव्हा गाडी कोणती याच्या आधी गाडी कोण चालवणार ते ठरवा. नवऱ्याकडे ट्रॅक्टरचं लायसन असेल तर त्यावर व्हॅन चालत नाही, एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटारीचं लायसन लागतं. तेच लायसन मालवाहू गाडीलाही पुरतं. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर वेगळ्या ट्रान्सपोर्ट शेऱ्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं आहे. एजंट अजूनही 'हेवी' काढायला लावतात, त्यांना पैसे देऊ नका.

आणि लायसन दोघांनी काढा. तुम्ही स्कूटी चालवता म्हणजे रस्त्याची नजर तुम्हाला आहे, उरला क्लच. नवरा घाणीवर असताना तुम्ही माल नेऊ शकलात, तर घाणी बंद राहत नाही. शिवाय विम्यात मालक-चालकाला १५ लाखांचं अपघाती संरक्षण असतं, पण ते गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे लायसन असेल तरच. महिलेच्या नावावर कर्ज सोपं म्हणून गाडी बायकोच्या नावावर, आणि तिला लायसन नाही, अशी घरं मी कितीतरी पाहिली. विम्याच्या हप्त्याबरोबर त्या संरक्षणाचे पैसे जातात, उपयोग शून्य.

आता तुमच्यासमोरच्या तिन्ही गाड्या.

दिरांचा पिकअप. दीर मनानं सांगतात, वाईट हेतू नाही. पण दुसऱ्याचा कापूस वाहणं हा तेलाच्या घाणीचा जोडधंदा नव्हे, तो स्वतंत्र धंदा आहे. त्याला रात्री जिनिंगच्या रांगेत उभं राहावं लागतं, भाड्याची उधारी वसूल करावी लागते. ज्या महिन्यांत कापसाचं आणि तुरीचं भाडं मिळतं, त्याच महिन्यांत तुमच्या डाळीला गाडी लागते. तुम्ही तक्रार केलीत ना, सीझनमध्ये छोटा हत्ती मिळत नाही म्हणून? तो मिळत नाही कारण तो कापूस वाहत असतो. उद्या तुमचाच पिकअप कापूस वाहायला जाईल आणि तुमचे डबे पुन्हा अंगणात गाडीची वाट पाहत बसतील. मोठ्या गाडीचं आणखी एक. एकूण वजन ३,००० किलोच्या वर गेलं की परमिट लागतं, त्याच्या आत असेल तर मालवाहू गाडीला परमिट नाही. आणि जागा असली की माणूस भरतो. ओव्हरलोडचा दंड कायद्यात वीस हजारांपासून सुरू होतो, वर दर जादा टनाला दोन हजार.

मित्राची पाच सीटची ईको. ही सगळ्यात मोहात पाडणारी, आणि हीच घेऊ नका. यात गाडीचा दोष नाही, प्रश्न पांढऱ्या पाटीचा आहे. खासगी पाटीच्या गाडीत धंद्याचा माल रोज वाहायचा, सीट काढून गाडीचा आकारच बदलायचा, हे आरटीओच्या परवानगीशिवाय चालत नाही. पोलिसानं पकडलं तर दंड भरून सुटता येतं. विमा कंपनी सुटू देत नाही.

माझं सांगतो. मोठी गाडी विकून मी अशीच एक जुनी पांढऱ्या पाटीची व्हॅन घेतली. मागची सीट काढून घराच्या माळ्यावर टाकली, तिच्यात मांजरीनं पिल्लं घातली. पावसाळ्याच्या सुरुवातीला पुलगावकडून येताना अंधारात एक म्हैस आडवी आली. ब्रेक मारला, गाडी बाजूच्या चरात गेली. मला फारसं लागलं नाही. पण मागं तेलाचे अकरा डबे होते. खालच्या पत्र्याला उभ्या खाचा असतात, त्यांवरून डबे रुळावरून यावेत तसे सरळ पुढं आले. एकाचं तोंड फुटलं. मी दार उघडायला पाय हलवला तर पाय घसरला, तेल चटईखालून क्लचच्या पायापर्यंत आलं होतं. टॉर्चच्या उजेडात ते इतकं शांतपणे पसरत होतं की मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो. दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचा सर्वेअर आला. त्यानं गाडीकडं नंतर बघितलं, आधी फुटलेल्या डब्यावरच्या दुकानाच्या चिठ्ठीचा फोटो काढला. क्लेम गेला. भांडलो, पत्रं लिहिली, पण पॉलिसी काढून वाचली तेव्हा माझंच तोंड बंद झालं. त्यात लिहिलंच होतं, धंद्याच्या वापरासाठी नाही.

म्हणून पिवळी पाटी, काळी अक्षरं. मालवाहू म्हणूनच नोंदलेली गाडी. फिटनेससाठी पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी गाडी तपासणीला न्यावी लागेल, पुढं दरवर्षी. त्रास आहे, पण वर्षाला एक दिवसाचाही नाही.

राहिला शोरूमवाला. तो काय म्हणाला ते तुम्ही लिहिलं नाही, पण महिनाअखेरीला जी गाडी उभी असेल ती तो सांगतो. त्याला सांगू द्या. तुम्ही फक्त टेप घेऊन जा.

टेपनं माल ठेवायच्या जागेची आतली लांबी-रुंदी स्वतः मोजा. माहितीपत्रकातला आकडा घेऊ नका, कारण मागच्या चाकांच्या जागी आत दोन टेंगळं येतात, त्यांनी दोन्ही बाजूंची जागा खाल्लेली असते. त्या टेंगळांमधलं अंतर वेगळं लिहा. दाराची उंचीही लिहा. मग घरी येऊन सारवलेल्या अंगणात रांगोळीनं तेवढी चौकट काढा, टेंगळांसकट, आणि त्यात तुमचे वीस डबे मांडा. डबा साधारण सव्वानऊ इंच चौकोनी असतो. दोन थरांच्या वर चढवू नका, खालच्याचं झाकण दबतं. कट्टे मांडा, खोकी मांडा. मग मधला एक डबा बाहेर काढून बघा. दारव्ह्याच्या दुकानाचा माल काढायला यवतमाळचा माल हलवावा लागतो का? लागत असेल तर रोज अर्धा तास त्यातच जाईल. बाजूनं सरकणारं दार का हवं, ते तिथंच अंगणात कळेल. सासूबाईंनाही बोलवा. भांड्यांत भांडी कशी बसवायची हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

वजनाचं गणितही सोपं आहे. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, रिकाम्या गाडीचं वजन असतं आणि भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन असतं. वजाबाकी करा. जे उरलं त्यात तुम्ही दोघं आणि माल. छोटा हत्ती म्हणजे टाटा एस, ती २००५ मध्ये आली आणि या वर्गातल्या गाड्या साडेसातशे किलोच्या आसपास माल घेतात. त्यावर लोखंडी पत्र्याची बंद बॉडी बांधली की त्या बॉडीचं वजनही यातूनच कापलं जातं. सीएनजीची टाकी असेल तर तिचंही. एकाच मॉडेलची पेट्रोल आणि सीएनजी गाडी पाहिली तर शंभर किलोहून जास्त फरक निघतो, म्हणजे तुमचे सहा-सात डबे.

माझं मत विचाराल तर मारुती ईको कार्गोसारखी दोन सीटची, मागं बंद पत्र्याची, पेट्रोलवरची नवी व्हॅन. बंद का, तर तुमचा माल खाण्याचा आहे, रस्ता धुळीचा आहे, आणि जूनमध्ये ताडपत्रीची दोरी पावसात कशी सुटते ते तुम्ही पाहिलंच असेल. बंद गाडीला कुलूप लागतं, बाजारात एकटं माणूस असलं तर माल सोडून दुकानात जाता येतं. गाडीचा तळ खाली असतो, डबा कमरेच्या वर उचलावा लागत नाही. दिवसाला वीस डबे दोनदा उचलणाऱ्या पाठीला ते विचारा. रंग पांढरा घ्या. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत बंद पत्रा तापतो आणि प्लॅस्टिकच्या बाटल्यांची टोपणं ढिली पडून तेल पाझरतं. उन्हाळ्यात फेरी सकाळीच संपवायची, दुपारी भरलेली गाडी उन्हात उभी करायची नाही. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळं बसणाऱ्यालाही ऊब लागते, ती तयारी ठेवा. मागची चाकं ढकलणारी गाडी आहे. पावसाळ्यात पांदणीवर रिकामी असली तर काळ्या मातीत मागचं चाक जागेवर फिरतं, भरलेली असली तर निघते. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर कोणत्याच गाडीनं जाऊ नका.

रांगोळीत माल मावला नाही, किंवा वजाबाकीत वजन बसलं नाही, तर छोट्या हत्तीच्या वर्गातली गाडी बंद बॉडीसह. त्याच्या वर जाऊ नका. तीनचाकी नेरपुरती ठीक, अमरावतीच्या रस्त्याला नको.

डिझेलचा आग्रह कुणी केला तर विचारा, किती चालणार? दिवसाला शंभर किलोमीटर, तेही दर दहा किलोमीटरला थांबून, हे बीएस-६, म्हणजे आताच्या प्रदूषण नियमांच्या डिझेल इंजिनाला फारसं मानवत नाही. धुराचा फिल्टर तापून साफ व्हायला लांबची सलग धाव लागते, ती मिळाली नाही की तो चोंदतो. सीएनजी घ्यायचा तर पंप तुमच्या रोजच्या वाटेवर हवा. पंपासाठी वीस किलोमीटर वाकडं जायचं असेल तर वाचलेले पैसे तिथंच गेले, आणि टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी आहेच. इलेक्ट्रिकचा विचार मात्र मी हसण्यावारी नेत नाही. ठरलेली वाट, रात्री घरी मुक्काम, हे तिच्या सोयीचं आहे. पण पावसाळ्यात तुमच्या गावची लाइन किती वेळा आणि किती तास जाते, ते एक महिना कॅलेंडरवर लिहून ठेवा. मग ठरवा.

बंद, दोन सीटच्या गाडीचा एक फायदा शोरूममध्ये कुणी सांगत नाही. गावात गाडी आली की पहिला आठवडा ती घरची असते, मग गावची होते. 'माहूरला जाऊन येऊ, पेट्रोल आमच्याकडं.' 'तेरवीची भांडी आणायची आहेत.' 'वेचणीला बाया न्यायच्या, दोनच किलोमीटर तर आहे.' तुम्ही एकेकाला नाही म्हणत बसाल तर वर्षभरात गावात तुमच्याशी कुणी बोलणार नाही, आणि हो म्हणत बसाल तर माल पोचणार नाही. मालाच्या जागेत बसलेल्या माणसाला अपघातात विमा नसतो. मालाबरोबर मालाचा मालक किंवा त्याचा माणूस पुढं बसला तर त्याला असतो, वेचणीच्या पंधरा बायांना नाही. उघड्या पिकअपमध्ये चढायला कुणाला शिडी लागत नाही, म्हणून तिथं माणसं चढतात. बंद गाडीच्या मागं अंधार असतो, तेलाचा वास असतो, बसायला काही नसतं. तिथं बसू द्या, असं कुणी म्हणत नाही. गाडीच तुमच्या वतीनं नाही म्हणते, आणि तुमचे संबंध शाबूत राहतात. बाळंतिणीला न्यायचं असेल तर १०२, दुसरं काही घडलं तर १०८. पण रात्री दोनला साप चावलेलं पोर घेऊन कुणी दारात आलं, तर गाडी काढाच. तिथं मी विम्याचं काही ऐकवणार नाही.

पैशांचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा कुणी जुनं कोटेशन दाखवलं तर परत करा. तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि कंपोझिशनमध्ये, म्हणजे ठोक दरानं कर भरायच्या योजनेत नसाल, तर मालवाहू गाडीवर भरलेला कर तुम्हाला वजा मिळतो. पाच सीटच्या गाडीवर तो मिळत नाही. कर्जासाठी मुद्रा या सरकारी कर्जयोजनेतला किशोर गट पाच लाखांपर्यंत आहे, तारण लागत नाही. कुणी म्हणेल, पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात) टाकू, गावातल्या बाईला ३५ टक्के सबसिडी. ती सबसिडी खरी आहे, पण नव्या उद्योगाला. तुमची घाणी तीन वर्षं चालू आहे. चालू धंद्याला नवा दाखवून देतो म्हणणाऱ्या माणसाला चहा पाजा आणि वाटेला लावा.

गाडी ठरवायच्या आधी नेरच्या स्टँडजवळच्या गॅरेजवाल्याकडं जा. त्याला 'कोणती गाडी चांगली' असं विचारू नका, तो त्याच्या मेव्हण्याची सांगेल. त्याच्या फळीवर बघा, कोणत्या गाडीची क्लचप्लेट आणि ब्रेकलायनर आणून ठेवलेत. पार्ट नेरमध्ये मिळाला तर गाडी दुपारी सुटते, यवतमाळहून मागवावा लागला तर उद्या, नागपूरहून आला तर तुमच्या आठवड्याच्या पाच फेऱ्यांतल्या तीन गेल्या. मी शेवटची गाडी अशाच एका फळीवरून निवडली, आणि तीच सगळ्यात जास्त टिकली.

ट्रायल रिकाम्या गाडीवर घेऊ नका. सेल्समन कुरकुर करेल, पण डाळीचे सहा कट्टे आणि दोन माणसं टाकून गावाबाहेरच्या चढावर एकदा थांबवून पुन्हा उचला. नवरा पहिल्यांदा बंद पाडेल. तुम्हीही पाडाल. तिसऱ्यांदा निघाली की क्लच तुमच्या पायाला बसतो का ते कळेल.

गाडी आणली की पहिल्याच दिवशी तळाला जाड रबरी चटई आणि पुढच्या सीटमागं लोखंडी जाळी बसवून घ्या. ते माझे अकरा डबे विसरू नका.

सासूबाईंचा दसरा. माझी हरकत नाही. पण आधीच्या दोन महिन्यांत अमरावतीच्या फेऱ्या मोजून झालेल्या असल्या पाहिजेत, नसतील तर पाडव्यापर्यंत थांबायला सांगा. दसऱ्याला शोरूममध्ये जत्रा असते, सगळ्यांना बारा वाजायच्या आत गाडी हवी असते, कुणी काही तपासत नाही. म्हणून आदल्या दिवशी जा. गाडीभोवती उन्हात फिरा, ओरखडे बघा, इंजिनचा आणि चेसिसचा नंबर कागदाशी जुळवा, स्टेपनी आणि जॅक आहे का बघा, विम्याच्या कागदावर 'मालवाहू' लिहिलंय का वाचा. नंबर पडल्याशिवाय रस्त्यावर काढू नका. मग दसऱ्याला सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवून आणा, आपट्याची पानं वाहा, झेंडूचं तोरण बांधा. आणि चाकाखाली लिंबू ठेवायच्या आधी शोरूमच्या पोराला विचारा, मागच्या टायरमध्ये हवा रिकाम्या गाडीची भरलीय की भरलेल्या.